एका पानाची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



निवडणुकीचा निकाल एका दिवसात लागतो, पण तो घडायला वर्षे जावी लागतात. २०१३ साली त्रिपुरा विधानसभेसाठी भारतीय जनता पक्षाने ५० उमेदवार उभे केले. त्यांपैकी ४९ जणांच्या अनामत रकमा जप्त झाल्या. मते मिळाली जेमतेम दीड टक्का. २०१८ साली त्याच पक्षाने ६० पैकी ३६ जागा जिंकल्या आणि १९९३ पासून सलग चाललेली डाव्या आघाडीची सत्ता संपुष्टात आली. वृत्तपत्रांनी याला चमत्कार म्हटले. संघटनेचे काम करणाऱ्याने मात्र या शब्दावर समाधान मानू नये.

प्रथम प्रतिस्पर्ध्याकडे पाहू. कम्युनिस्टांची त्रिपुरातील मुळे केवळ दहशतीने रुजली, असे समजणे ही आत्मवंचना ठरेल. संस्थानी राजवटीच्या अखेरच्या काळात, १९४५ साली, दशरथ देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनशिक्षा समिती स्थापन केली. या तरुणांनी डोंगरपाड्यांत शाळा काढल्या. त्याच कामातून पुढे गणमुक्ती परिषद आणि पक्षाचा जनजातीय जनाधार उभा राहिला. आधी अक्षर पोहोचले, मग झेंडा. हेच दशरथ देव १९९३ साली मुख्यमंत्री झाले. पुढे सत्ता दीर्घकाळ टिकली आणि पक्ष व शासन यांतील भेद उरला नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येऊ लागली. सेवेतून मिळालेला विश्वास अधिकारात मुरला की त्याची धार बोथट होते.

अशा भूमीत पाय रोवणे सोपे नव्हते. ६ ऑगस्ट १९९९ रोजी श्यामलकांती सेनगुप्त, दीनेंद्रनाथ डे, सुधामय दत्त आणि शुभंकर चक्रवर्ती या संघाच्या चार कार्यकर्त्यांचे कांचनछडा येथून फुटीरतावादी अतिरेक्यांनी अपहरण केले. ते परत आले नाहीत. त्यांच्या मृत्यूची वार्ता अधिकृतपणे कळली ती २००१ साली. त्या चौघांना कोणतीही निवडणूक लढवायची नव्हती, हे विसरता कामा नये.

२०१४ च्या अखेरीस पक्षाने सुनील देवधर यांच्याकडे त्रिपुराची जबाबदारी सोपविली. हे मराठी कार्यकर्ते पूर्वी मेघालयात प्रचारक होते. बाहेरून आलेल्या माणसाची पहिली परीक्षा भाषेची असते. ते बंगाली शिकले. दिल्लीहून भाषणे पाठवून हे साधले नसते.

मग आली रचना. मतदारयादीच्या एका पानावर साधारण ६० नावे असतात. त्या पानाचा एक प्रमुख नेमायचा. पानावरील प्रत्येक घर त्याने ओळखायचे, कोणाची कोणती अडचण आहे हे जाणायचे आणि मतदानाच्या दिवशी त्यांना केंद्रापर्यंत आणायचे. जिथे विरोधी पक्षाची पताका लावायलाही लोक कचरत होते, तिथे आपल्याच वाडीतला, आपल्याच भाषेत बोलणारा माणूस दाराशी आला. भीती सभेने जात नाही. शेजाऱ्याच्या सोबतीने जाते.

तरीही हिशेब प्रामाणिक असावा. काँग्रेसची मते साडेछत्तीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांखाली घसरली आणि त्यांतील मोठा वाटा भाजपकडे वळला. काँग्रेसमधून तृणमूलमध्ये गेलेले सहा आमदार २०१७ साली पक्षात आले. आयपीएफटीशी युती झाली. तिने आठ जागा जिंकल्या. सातव्या वेतन आयोगाच्या आश्वासनाने सरकारी कर्मचारी आकृष्ट झाले. आणि पराभूत मार्क्सवादी पक्षाला त्याही वेळी ४२ टक्क्यांहून अधिक मते होती. ही मते देणारेही त्याच पानांवरचे नागरिक होते.

म्हणूनच निकालानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे. बेलोनियात लेनिनचा पुतळा पाडला गेला, मार्क्सवादी पक्षाच्या अनेक कार्यालयांवर हल्ले झाले. पुतळा परकीय विचाराचा असेल. परंतु त्याच्या शेजारी राहणारा मतदार आपलाच आहे. ज्या भीतीविरुद्ध लढलो, तीच भीती त्याच्या घरात आपल्यामुळे शिरली, तर आपण नेमके काय बदलले?

मतदारांनीही पुढे सूचक इशारा दिला. २०२१ साली जनजातीय स्वायत्त जिल्हा परिषदेच्या २८ पैकी १८ जागा नव्याने स्थापन झालेल्या टिपरा मोथाच्या आघाडीने जिंकल्या. २०२३ मध्ये भाजपने सत्ता राखली, परंतु जागा ३२ वर आल्या. मोथाने १३ जिंकल्या. २०२४ साली केंद्र, राज्य आणि मोथा यांच्यात करार झाला व मोथा सरकारात सहभागी झाली. डोंगरातील माणसाचे भूमीविषयीचे, भाषेविषयीचे प्रश्न एका विजयाने सुटत नाहीत, हाच याचा अर्थ.

मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने छापली जाते. पानावरची माणसे मात्र तीच असतात. मतदानाच्या सकाळी ज्या दारावर आपण गेलो, त्याच दारावर पुढच्या पावसाळ्यात, कुणी आजारी असताना, आपण जातो का? ज्याने आपल्याला मत दिले नाही, त्याच्याही दारावर जातो का? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या हातातील पान समोर ठेवून द्यावे.