साखळी कोणासाठीं?



आपल्या मराठी घरांत कुत्र्याला परकें मानण्याची चाल नाहीं. देवघरांतील दत्ताच्या तसबिरींत चार कुत्रीं देवाच्या पायांशीं मोकळीं उभीं असतात. तेव्हां आजचा विषय ऐकून कोणी विचारील कीं, ज्या प्राण्याला देवानेंही बांधलें नाहीं त्याला आपण रस्त्यावर कां बांधावें? उत्तर साधें आहे. त्या तसबिरींत वर्दळ नसते, आणि देवाची नजर सर्वांवर असते. आपला रस्ता तसा नाहीं, आणि आपली नजरही तशी नाहीं.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या गांवांचेंच उदाहरण घ्या. वैशाखांत ऊन इतकें कडक असतें कीं, दिवसा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाहीं. सूर्य मावळला म्हणजे सारीं दारें एकदम उघडतात. मुलें खेळावयास निघतात, वडील मंडळी फिरावयास निघतात, आणि दिवसभर घरांत कोंडलेला कुत्राही त्याच घटकेला, त्याच अरुंद गल्लींत, त्याच अंधुक उजेडांत बाहेर पडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, लांकडी बैल ओढीत मुलांचे थवे दारोदार हिंडतात. त्या दिवशीं तर परकीं मुलें थेट आपल्या अंगणांतच येऊन उभीं राहतात.

अशा वेळीं मालकाच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असतें: "भिऊं नका, आमचा कुत्रा कांहीं करीत नाहीं." हें वाक्य बहुधा प्रामाणिक असतें. परंतु तें घरांतील कुत्र्याविषयीं खरें असतें. घरीं तो ओळखीच्या माणसांत असतो. रस्त्यावर चार वर्षांचें अनोळखी मूल किंचाळत त्याच्या जवळून धांवतें, टक लावून पाहतें, किंवा एकदम गळ्याला मिठी मारावयास येतें. पळत्याचा पाठलाग करणें हा कुत्र्याचा उपजत स्वभाव, आणि डोळ्यांत डोळे घालून पाहणें ही त्याच्या भाषेंत धमकी. घाबरलेला कुत्रा तोंड फिरवितो, ओठ चाटतो, जांभई देतो, अंग ताठ करतो. हीं लक्षणें जाणत्या माणसाच्याही नजरेंतून सुटतात. मग मुलाला तीं कोठून कळावींत? शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूष झाला, एवढेंच त्याला शिकविलेलें असतें, आणि तेंही नेहमींच खरें नसतें. शिवाय मोठ्या माणसास कुत्रा बहुधा हातापायाला चावतो. लहान मुलाचा चेहराच कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

दुसऱ्या कुत्र्यांची गोष्टही अशीच आहे. दोन मोकळीं कुत्रीं वळसा घेऊन, बाजूनें हुंगत एकमेकांस भेटतात, आणि पटलें नाहीं तर निघून जातात. पण एक साखळीस बांधलेला आणि दुसरा मोकळा असला, म्हणजे मोकळा सरळ अंगावर येतो आणि बांधलेल्यास माघार घेण्यास वाट उरत नाहीं. वाट खुंटलेला प्राणी चावतो. "आमचा खेळावयास गेला होता" असें म्हणणाऱ्याच्याच कुत्र्यानें पुष्कळदां भांडण ओढवून आणलेलें असतें. दोष मात्र बांधलेल्याच्या माथीं येतो.

चावा लहान असला तरी त्याच्या मागें उभी असलेली भीति लहान नाहीं. जलसंत्रासाचीं, म्हणजे रेबीजचीं, लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. १८८५ च्या जुलैंत लुई पाश्चर यांनीं ज्या मुलावर केलेल्या उपचारानें ही लस जगप्रसिद्ध झाली, तो जोसेफ माइस्टर अवघा ९ वर्षांचा होता. त्याला चावलेला कुत्रा रानांतून आलेला नव्हता; एका वाण्याच्या घरचा, पाळलेला होता. आज उपाय पुष्कळ सोपा झाला आहे. जखम ताबडतोब साबणानें व वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पोटांत घ्यावयाच्या चौदा सुयांचा काळ गेला. तरीपण झरी-जामणीकडील एखाद्या पोडावरच्या आईला, हातचा रोजगार बुडवून, मुलाला घेऊन पुनःपुन्हां दवाखान्याची वाट चालावी लागते. रविवारीं शेतावर जातांना गाडींतून कुत्रा नेणाऱ्या शहरवासीयानें हें ध्यानांत ठेवावें.

कायदाही या बाबतींत मुका नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जीवितास धोका अगर जबर दुखापत होऊं नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. जुन्या दंड संहितेंतही असेंच कलम होतें.

यावर कोणी म्हणेल, "मोकाट कुत्रीं चौकाचौकांत बसलेलीं असतात, मग बंधन आमच्याच कुत्र्याला कां?" मोकाट कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे. त्यांची नसबंदी व लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या नियमांनीं स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हा प्रश्न स्वतःहून हातीं घेतला. परंतु त्या कुत्र्यांना धरणारा हात नाहीं, आपल्याला आहे. आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळक्यापासून व भरधाव मोटारींपासून आपल्या लाडक्याला वांचविणारी वस्तु हीच साखळी आहे.

साखळी चार ते सहा फुटांची, मजबूत असावी. ती मनगटाला गुंडाळूं नये, आणि कुत्र्याचें वजन ज्याला पेलणार नाहीं अशा मुलाच्या हातीं देऊं नये. समोरून मूल किंवा दुसरा कुत्रा येतांना दिसला कीं आपण रस्त्याची दुसरी कड धरावी. कोणा मुलाला कुत्र्याला हात लावावयाचा असेल तर आधीं त्याच्या आईबापांची संमति घ्यावी, आणि कुत्रा शांत दिसला तरच, साखळी हातांत धरून, तें होऊं द्यावें. वर्षाची लस चुकवूं नये.

साखळी कोणासाठीं, असा प्रश्न आरंभीं घेतला होता. ती कुत्र्यावरील अविश्वासाची खूण नव्हे. बोट धरून चाललेल्या मुलाची आई आपला कुत्रा ओळखत नाहीं. ती फक्त आपला हात पाहते. त्या हातांत साखळी दिसली कीं तिला कांहीं विचारावें लागत नाहीं, आणि मूलही भीतीनें तिच्यामागें न लपतां कुत्र्याकडे कौतुकानें पाहूं शकतें. लहानपणीं बसलेला धसका पुष्कळदां जन्मभर जात नाहीं. कुत्र्यांवर प्रेम करणारीं माणसें पुढील पिढींतही असावींत असें आपणांस वाटत असेल, तर आज संध्याकाळीं दार उघडण्यापूर्वीं खुंटीवरची साखळी हातीं घ्यावी.