रक्त देते शिशाची साक्ष

नदीचे पाणी तपासले जाते, चौकातील हवा मोजली जाते; परंतु त्यातील विष माणसाच्या देहात किती उतरले, हे रक्त, लघवी, केस किंवा दुधाचे दात तपासल्यावाचून कळत नाही. शिशाच्या बाबतीत तर या तपासणीने इतिहासच घडवला.

अमेरिकेत १९२३ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्यास प्रारंभ झाला. ते निर्धोक असल्याचा उद्योगाचा दावा जवळपास अर्धशतक खपून गेला. १९७६ ते १९८० या काळात तेथील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत हजारो नागरिकांचे रक्त तपासले गेले. त्याच वर्षांत शिसेयुक्त पेट्रोलचा खप घटत होता. शंभर मिलिलिटर रक्तातील शिशाची सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होती, ती १० च्या खाली आली. पेट्रोलमधील शिसे उतरले तसे रक्तातीलही उतरले. युक्तिवाद उरलाच नाही.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. १९९७ च्या पाहणीत मुंबईतील सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आढळले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ३३ टक्के होते. घट मोठीच, पण उरलेले शिसे येते कोठून? भिंतीवरचा जुना रंग, बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या आणि पिवळेपणा खुलवण्यासाठी हळदीत मिसळले जाणारे लेड क्रोमेट. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जिचा मान, त्या हळदीत विष कालवणाऱ्याला नुसते भेसळखोर म्हणणे फारच सौम्य झाले!

शरीराला शिसे कॅल्शियमसारखे भासते. म्हणून ते हाडांत जाऊन बसते, दशकानुदशके राहते आणि गर्भारपणी तेथून सुटून बाळापर्यंत पोहोचते. बालवयात बुद्धीला बसलेला त्याचा फटका सहसा भरून निघत नाही.

१० चा आकडाही पुढे टिकला नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने मुलांसाठीचा दखलपात्र आकडा २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणला. निर्धोक अशी पातळी सापडलेलीच नाही.

घराजवळ अशी भट्टी असेल, जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना या तपासणीविषयी अवश्य विचारावे. बोटातून काढलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळली की आकडा फुगतो. तो जास्त आल्यास शिरेतून रक्त घेऊन खात्री करून घ्यावी. लक्षणांची वाट पाहू नये. बहुतेक मुलांत ती दिसतच नाहीत.