अपक्ष उभं राहायचं तर



हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज मी तुम्हाला आमच्या बचत गटातल्या एका ताईची गोष्ट सांगणार आहे. ती पंचायत समितीला अपक्ष उभी राहिली होती.

आमचा गण महिलांसाठी राखीव निघाला. ताईनं आधी पक्षांकडे तिकीट मागितलं. एका पुढाऱ्यानं विचारलं, "खर्च किती करणार?" दुसऱ्यानं विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" ती काय काम करते, हे कोणीच विचारलं नाही. घरी येऊन ती म्हणाली, "मी अपक्ष भरते."

पक्षाच्या उमेदवाराचे कागद बघायला माणसं असतात. अपक्षाला सगळं स्वतःच बघावं लागतं. मतदार यादीतला अनुक्रमांक, सूचकाची सही, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांविषयीचं घोषणापत्र, अनामत रक्कम, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं. जागा जातीच्या आरक्षणाची असेल तर जातीचे कागदही. छाननीत एक कागद कमी पडला तर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. ताईनं दोन दिवस आधीच अर्ज दिला.

खरी अडचण चिन्हाची. पक्षाचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. मग हातात थोडेच दिवस उरतात. ताईला शिलाई मशीन हवं होतं, कारण ती कपडे शिवते. पण दुसऱ्या अपक्ष बाईनंही तेच मागितलं. चिठ्ठी टाकली, ती दुसरीला लागली. ताईला कपबशी मिळाली. ती जरा रडली, मग हसली नि म्हणाली, "चला, चहाला तरी सगळे बोलावतील."

तिनं एक गोष्ट चांगली ओळखली. या निवडणुकीत आपण दोन मतं देतो, एक जिल्हा परिषदेच्या गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला. ती दारात जाऊन सांगायची, "काकू, वरचं मत तुमच्या पक्षाला द्या, मी अडवत नाही. खालचं मला द्या." लोक ऐकून घ्यायचे.

आता माझ्याबद्दल सांगते. ताई मला म्हणाली, "गटाच्या बैठकीत माझ्यासाठी दोन शब्द बोल." मी नाही म्हणाले. दुसऱ्या बाजूचे लोकही आले होते, त्यांनाही नाही म्हणाले. गटात सगळ्या पक्षांच्या घरच्या बाया आहेत. बैठकीत प्रचार सुरू झाला असता तर कर्जाच्या हप्त्यावरूनही पक्ष निघाला असता. गटाचा एक रुपयासुद्धा निवडणुकीला द्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला ते फार लागलं. पण तिचे कागद मी शेवटपर्यंत तपासून दिले होते, मत कुणाला दिलं ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

ताई हरली. आमच्या गावात तिला चांगली मतं पडली. पण गणात इतर गावं होती, तिथं कपबशी पोचलीच नाही. निकालाच्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "झालं ना समाधान?" दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दारात आली. म्हणाली, "खर्चाचा हिशेब द्यायचा आहे, बसतेस का?"

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. हरलात तरी निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो. नाही दिला तर पुढच्या निवडणुकीला उभं राहण्यावर बंदी येऊ शकते. आपल्याला तर पाच-पाच रुपये वहीत लिहायची सवय आहे. ताईनं चहा-बिस्किटापासून रिक्षापर्यंत सगळं लिहून ठेवलं होतं. एका दुपारी हिशेब पुरा झाला.

2011 पासून आपल्या राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायांच्या आहेत. पण त्या जागेवर कोण बसणार, ते अजून बहुतेक ठिकाणी दुसरेच ठरवतात. ज्या बाईला ते मान्य नाही, तिनं निवडणूक लागायची वाट बघू नये. गणातल्या प्रत्येक गावात आत्तापासून पाय ठेवावा. ग्रामसभेला बोलावं. चिन्ह उशिरा मिळतं, पण चेहरा आधी ओळखीचा करता येतो.

ताई आता दर शनिवारी शेजारच्या एका गावी जाते. मी विचारलं, "पुन्हा उभी राहणार का?" ती म्हणाली, "आधी रेशनकार्डाची कामं करू दे."