बिल्ल्यामागचा नंबर



निवेदकांनी मला ‘संग्राहक’ म्हटलं. घरी माझ्या संग्रहाला भंगार म्हणतात.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला चांदीचा एक छोटा गोल बिल्ला मिळाला. पहिल्या महायुद्धात जखमी किंवा आजारी होऊन सैन्यातून सुटलेल्यांना ब्रिटिश सरकारने १९१६ पासून असे बिल्ले दिले. कारण ऐका. तरुण माणूस साध्या कपड्यांत दिसला, की तिकडे बायका भर रस्त्यात त्याच्या हातात पांढरं पीस ठेवत. म्हणजे तू भित्रा! कोटाला बिल्ला दिसला की तोंडं बंद. त्याच्या मागे नंबर असतो, त्यावरून नोंदवहीत माणूस सापडतो.

तो नंबर बघताना मला आपल्या वर्गातला एक मित्र आठवला. नाव घेत नाही, समोरच बसलाय. त्याचे वडील १९७१ च्या लढाईत पाय गमावून आले. अपंग सैनिकांना काम शिकवणारी खडकीची क्वीन मेरी संस्था आहे ना, १९१७ ला सुरू झालेली, तिथं शिकून त्यांनी मंचरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. शाळा सुटली की आपण पोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. सगळ्यांत हुबेहूब मी करायचो.

गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेलो. काका आता नाहीत. त्यांचं पराक्रम पदक देवघरातल्या डब्यात होतं. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टी. लढाईत जखमी झालेल्या जवानाला आपलं सरकार ते देतं. माझा हात शिवशिवला आणि मी ते चक्क विकत मागितलं. काकू म्हणाल्या, “त्यांचा पाय तिकडं राह्यला, आन् हे घरात आलं. तूच सांग बाळा, काय भाव लावू?”

मी चहा पिऊन निघालो. नक्कल करायचो हे सांगायचं राहून गेलं. ते आज सांगितलं.

एक विनंती. आपल्या जुन्नर-आंबेगावातून मराठा पलटणींत माणसं गेली. कुणाच्या घरी पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक असेल, तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण उमटवलेली असते. अशी बरीच पदकं सोनाराच्या मुशीत वितळली. तुमचं मोडीत घालू नका. मलाही विकू नका. फक्त कडा वाचून कागदावर उतरवून ठेवा. चष्मे सगळ्यांनाच लागलेत, भिंग मी घेऊन येतो.