शाळा पारखून घ्या



बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात काय करतो? झूल बघून पैसे मोजत नाही. दात बघतो. चालवून बघतो. औताला जुंपून बघतो. चार जाणत्यांना विचारतो. मग पोरांची शाळा निवडताना आपण नुसती झूल बघून का परत येतो?

शहर आता गावाच्या शिवेला भिडले आहे. पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावे गेली, 2021 साली आणखी 23 गेली. अशा गावांत तीन तऱ्हेच्या शाळा असतात. एक, जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची. दुसरी, संस्थेची पण सरकारी अनुदानावर चालणारी. तिसरी, फी घेणारी, बहुधा इंग्रजी माध्यमाची. या तिसरीची पिवळी बस दाराशी येते. पोराच्या गळ्यात टाय असतो. आपल्याला वाटते, हीच शाळा चांगली. असेलही! पण बस आणि टाय ही झूल झाली. बैल अजून बघायचा आहे.

तो कसा बघायचा, ते सांगतो.

पहिली गोष्ट. शाळेला सरकारची मान्यता आहे का, ते विचारा. मान्यतेवाचून शाळा चालवायला कायद्याची मनाई आहे. मान्यतेचा कागद दाखवा म्हणा. विचारण्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट. शिक्षक मोजा. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. पहिली ते पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, असे त्यात सांगितले आहे. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक. शिक्षकाचे नाव नुसते कागदावर असून भागत नाही. तो वर्गात उभा दिसला पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. त्या शाळेतले तिसरीचे पोर जवळ बसवा. त्याने न पाहिलेला धडा पुढे ठेवा आणि वाच म्हणा. पाठ म्हणणे निराळे आणि वाचणे निराळे. तुम्ही स्वतः आता वाचायला शिकलात. हा फरक तुमच्याइतका कुणाला कळणार? पोर इंग्रजी कविता घडाघडा म्हणते, तेव्हा आपला ऊर भरून येतो. पण त्याला विचारा, “बाळा, याचा अर्थ काय?” अर्थ सांगता आला तर शाळा खरी. आणि हेही ध्यानात ठेवा. मराठी शाळेतही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे.

चौथी गोष्ट. पाणी आणि संडास. मुलींचा संडास वेगळा आहे का? त्याला दार, कडी, पाणी आहे का? हे नसले म्हणजे मोठ्या मुली शाळा चुकवतात आणि पुढे घरीच बसतात. ही पाहणी बायांनी करावी.

पाचवी गोष्ट. खर्चाची बेरीज करा. नुसती फी धरू नका. बस, गणवेश, बूट, पुस्तके, शिकवणी, सगळे धरा. मग बारा महिन्यांचा आकडा घरच्या कमाईशी ताडून बघा. पोर पाचवीत गेले आणि पैसे संपले, तर त्याची मधेच ओढाताण होते. सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नाही. पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. गरीब घराला आणखी एक वाट आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा दुबळ्या आणि वंचित घरांतल्या मुलांना फुकट द्याव्यात, असा कायदा आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. अर्ज दर वर्षी ठराविक मुदतीत कॉम्प्युटरवर भरायचा असतो. मुदत चुकवू नका.

आता एक बोचणारी गोष्ट बोलतो. राग मानू नका. पुष्कळ घरांत मुलगा फीच्या शाळेत जातो आणि त्याच घरातली मुलगी फुकटच्या शाळेत. का, तर ती परक्याचे धन! सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी पुण्यात 1848 साली मुलींची शाळा काढली. तेव्हा लोकांनी त्यांना छळले. आज छळ नाही, पण घरातच दोन मापे लागतात. शाळा चांगली असेल तर ती दोघांना चांगली. ती वाईट असेल तर मुलीला का चालावी?

कुणी म्हणेल, “आमच्या गावची शाळा वाईट आहे, करावे काय?” तर ती सुधारायचा हक्क तुमच्या हातात आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्या समितीत चारांतले तीन सभासद पालक असले पाहिजेत. निम्म्या बाया असल्या पाहिजेत. शिक्षक कमी आहे, नळ बंद आहे, खिचडी कच्ची आहे, हे सगळे तिथे बोलायचे. लेखी ठराव करायचा आणि वर पाठवायचा. पण सभेला पालकच गेले नाहीत तर समिती कागदावरच राहते. मग आपण शाळेला नावे ठेवतो आणि शिवेपलीकडच्या बसकडे बघत बसतो.

म्हणून सांगतो, उद्या एक फेरी मारा. नवराबायको दोघे जा. आधी गावची शाळा बघा, मग बसवाली बघा. दोन्हीकडे हेच पाच प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहून आणा, आता तुम्हाला लिहिता येते. रात्री दिव्याखाली दोन्ही पाने शेजारी ठेवा आणि मग ठरवा. शेजाऱ्याने पोर कुठे घातले, ते मात्र त्या वहीत लिहू नका.