भाजायचे काय, वाटण की चिकन?

स्किलेटमधले चिकन आणि भाज्या अर्ध्या तासात पानात येतात, कारण या पद्धतीत वाटण नसते. मराठी रश्श्यात चिकन सहसा भाजले जात नाही. भाजतात तो कांदा आणि सुके खोबरे. दोन्ही तव्यावर काळपट तपकिरी होईपर्यंत परतायचे, वाटायचे, तेलात तेल सुटेपर्यंत परतायचे, आणि मग चिकन त्यात घालून झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचे. रश्श्याचा खरपूसपणा वाटणातून येतो, चिकन मऊपणा देते. स्किलेटमध्ये भाजण्याचे काम वाटणाकडून चिकनकडे जाते. रसायन मात्र एकच आहे. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि साखर यांच्यातल्या ज्या अभिक्रियेचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली केले, तीच तव्यावरच्या कांद्यात घडते आणि चिकनच्या पृष्ठभागावरही. दोन इतक्या वेगळ्या वाटणाऱ्या स्वयंपाकांची चव एकाच ठिकाणी उगम पावावी, ही फार आनंदाची गोष्ट आहे.

ही अभिक्रिया साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढे जोर धरते. पाणी 100 अंशांवर उकळते, म्हणून चिकनवर ओल आहे तोवर पृष्ठभाग त्याच्या फारसा वर जात नाही. एक ग्रॅम पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला 80 कॅलरी उष्णता लागते; त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540. तव्याची उष्णता अशी ओल उडवण्यात जाते आणि चिकन पांढुरके, उकडल्यासारखे होते. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाची पायरी स्टोव्ह पेटवण्याआधीची आहे: प्रत्येक तुकडा किचन टॉवेलने दाबून दोन्ही बाजूंनी कोरडा करणे.

इथेच चिकन धुण्याचा प्रश्न निघतो. मराठी घरांत चिकन हळद-मीठ लावून दोन-तीन पाण्यांनी धुण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला मात्र न धुण्याचा आहे: नळाखाली धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू सिंक, ओटा आणि शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत पोहोचतात, आणि जे चिकनवर राहतात ते शिजताना मरतातच. ज्यांना धुतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी निदान शेजारची भांडी आणि भाज्या आधी हलवाव्यात, नंतर सिंक साबणाने धुवावे आणि चिकन दुप्पट काळजीने टिपावे. दह्यात मुरवलेल्या चिकनचाही प्रश्न येतो. दही निपटून काढले तर ते चालते. लिबलिबीत लेपासकट टाकले तर दही फाटते आणि तव्यात पाणी होते.

चौघांसाठी 600 ग्रॅम बोनलेस थाय आणि 12 इंची स्किलेट असा हिशेब धरावा. थायमध्ये चरबी आणि संयोजी ऊती जास्त असल्याने ते दोन मिनिटे जास्त राहिले तरी सुके पडत नाही. ब्रेस्ट घ्यायचे तर आडवे चिरून पातळ काप करावेत. बीड उष्णता हळूहळू पसरवते पण धरून ठेवते, म्हणून बिडाचे स्किलेट मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे तापू द्यावे. मोठ्या आचेची घाई केली तर मधला भाग धुरावतो, कडा थंड राहतात, आणि अपार्टमेंटमधला धुराचा अलार्म वाजतो. मग एक मोठा चमचा तेल, आणि नुसते मीठ लावलेले तुकडे, एकमेकांना न चिकटता. जागा पुरत नसेल तर दोन घाण्यांत करावे. तुकडा लगेच उचकटायला गेले तर चिकटलेला असतो. पाच-सहा मिनिटांनी तपकिरी थर धरला की कालथ्याने सहज सुटतो. या वेळात ऐकू येणारी चरचर म्हणजे बाहेर पडणारे पाणीच असते. भाजल्याने मांसातला रस आत कोंडला जातो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांचे एकोणिसाव्या शतकातले मत म्हणूनच टिकले नाही. भाजायचे ते चवीसाठी. दुसरी बाजू चार-पाच मिनिटे. जाड भागात थर्मामीटर 74 अंश सेल्सियस, म्हणजे 165 फॅरनहाइट, दाखवू लागला की चिकन ताटलीत काढावे.

आता झाकणाची पाळी. तळाला धरलेल्या तपकिरी खरपुडीत कांद्याचे जाड काप, फरसबी आणि गाजर घालून दोन चमचे पाणी शिंपडावे आणि तीन मिनिटे एक वाफ काढावी. पाण्याने खरपुडी सुटून भाज्यांना लागते. आधी ज्या वाफेने चिकनचे नुकसान केले असते, तीच इथे हवी असते. झाकण काढून सिमला मिरची आणि ब्रोकोली दोन-तीन मिनिटे परतावी. झुकिनी सर्वांत शेवटी, ती पटकन पाणी सोडते.

मसाला सुरुवातीला चिकनला लावला तर तिखट आणि लसूण चिकनचा रंग येण्याआधीच करपून कडू होतात. म्हणून आच कमी करून, भाज्या बाजूला सारून, मधल्या मोकळ्या जागेत थोड्या तेलावर ठेचलेला लसूण, हळद, तिखट आणि अर्धा चमचा गोडा मसाला अर्धा मिनिट परतावा. चिकन ताटलीतल्या रसासकट परत घालून सगळे एकत्र करावे. लिंबू आच बंद केल्यावर पिळावे. टोमॅटो घालायला हरकत नाही, पण बिडात तो फार वेळ शिजवला तर तेलाचा मुरलेला थर निघतो आणि लोखंडाची चव उतरते.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. स्किलेट कोमट असतानाच घासून, भिजत न ठेवता, मंद आचेवर पूर्ण वाळवावे आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ठेवावे.