भिशीची चिठ्ठी आणि अंकपाश



बोरगाव-निपाणीच्या या पट्ट्यात भिशी म्हणजे काय, हे कोणास सांगावे लागत नाही. बारा जण दरमहा सारखी रक्कम जमवितात, डब्यातून एक चिठ्ठी निघते, आणि ज्याचे नाव निघेल त्यास ती सर्व रक्कम मिळते. ती चिठ्ठी पुन्हा डब्यात पडत नाही, आणि सारे गणित याच नियमावर उभे आहे.

पहिल्या महिन्यात नाव निघण्याचा संभव १/१२. दुसऱ्या महिन्यासाठी आधी ते निघता कामा नये, म्हणजे ११/१२. मग उरलेल्या अकरांतून ते निघावे, म्हणजे १/११. गुणाकार केला की अकराला अकराने छेद जाऊन पुन्हा १/१२च उरतो. बाराव्या महिन्यापर्यंत हेच चालते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त अंकपाश प्रकरणी शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांच्या ३६,२८,८०० मांडण्या सांगितल्या. एका हातातील आयुध त्याच वेळी दुसऱ्या हाती असत नाही, भिशीचेही तसेच. बारा नावांचे क्रम ४७,९०,०१,६००. त्यांपैकी एखादे नाव अखेरीस येणारे ३,९९,१६,८००, म्हणजे बरोबर बारावा हिस्सा. अर्थात आचार्यांनी मांडण्या मोजल्या, संभव नव्हे. अभिमानाच्या भरात हा भेद विसरू नये.

आता नऊ महिने उलटले आणि नाव निघाले नाही, तर माणूस नशिबाला बोल लावतो. वस्तुतः डब्यात तीनच चिठ्ठ्या उरल्याने त्याचा संभव १/३ झालेला असतो. उलट, चिठ्ठी दरवेळी परत टाकण्याची रीत असती, तर वर्षभर एकदाही नाव न निघण्याचा संभव शंभरात सुमारे ३५ असता!

संभव सारखा असला तरी लाभ सारखा नाही. ज्याचे नाव आधी निघते त्यास बिनव्याजी कर्ज मिळते; शेवटचा बिनव्याजी बचत करतो. शिवाय रक्कम उचललेल्याने पुढील हप्ते थकविले, तर मागे राहिलेल्यांचे पैसे अडकतात. भिशी चालविणारा पहिली रक्कम स्वतः घेतो तेथे इतरांना ती जोखमीची मजुरी वाटते; उरलेल्या अकरांचा प्रत्येक पुढील महिन्याचा संभव मग १/११ होतो. १९८२ च्या चिट फंड कायद्यात रक्कम उचलणाऱ्याकडून तारण घेण्याची तरतूद आहे. घरगुती भिशीत तारण एकच: उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचे असते.